स्कॉटलंडने युनायटेड किंग्डममधून बाहेर पडावं का? २०१४ ला इथे मत दिलेल्यांनी सांगा

नवा ग्लासगोकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. गेल्या सप्टेंबरपासून ग्लासगोत एमएस्सी करतोय. एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो: मी, पोलंडची एक मुलगी आणि दोघं इथलेच, एका शाळेतले.

परवा रात्री मी वरण-भात केला होता. जेवता जेवता स्वातंत्र्याचा विषय निघाला आणि त्या दोघा शाळासोबत्यांचं असं वाजलं की वरण पातेल्यात तसंच थिजलं. मुलगा म्हणत होता, आमचा देश आहे, आमचं आम्ही बघू. मुलगी म्हणत होती, माझी आजी कार्लाइलला असते, सीमा ओलांडली की आलंच तिचं घर, तिला भेटायला मी पासपोर्ट दाखवायचा का?

मग मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही १९४७ ला बाहेर पडलात. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का, पेन्शन कुठून देणार, नोटा कुणाच्या वापरणार? मग आम्हालाच का विचारतात?"

मी गप्प बसलो. त्याचं बोलणं पटलं आणि खटकलंही, पण काय खटकलं ते मला सांगता येईना. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मला विचारायचंय ते असं. पुन्हा सार्वमत झालं तर माझ्यासारख्या, दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या माणसाला मत असेल का? असलं तरी त्याने ते द्यावं का? आणि ज्यांनी २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात मत दिलं, त्यांनी कशावरून ठरवलं आणि आज त्यांना काय वाटतं?

अ‍ॅबर्डीनची मालवणी

मी २००८ पासून अ‍ॅबर्डीनला आहे, माहेर मालवण. २०१४ ला माझ्याकडे भारताचाच पासपोर्ट होता आणि तरीही मला मत होतं, म्हणून लिहिते. लांबेल, पण हा विषय माझ्या दोन ओळींत मावत नाही.

आधी तुझ्या मताचं. तेव्हा नियम असा होता की वय १६ पूर्ण हवं आणि राहणं स्कॉटलंडमध्ये हवं. ब्रिटिश, आयरिश, युरोपियन युनियनचे आणि कायदेशीर परवान्यावर राहणारे कॉमनवेल्थचे नागरिक, सगळ्यांना मत. उलट, इथे जन्मून नोकरीसाठी लंडनला गेलेल्याला नाही. माझ्या शेजारणीचा मुलगा असाच लंडनला होता. त्याला मत नाही आणि मला आहे, याचं मला फार ओझं वाटायचं. एकदा तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तो सुट्टीला येतो. तू इथे राहतेस. उद्या जे होईल ते तुझ्या दारात होणार आहे." मी मत द्यायचं ठरवलं ते तिच्या या वाक्यावर.

दोन वर्षांनी ब्रेक्झिटच्या वेळी बरोबर उलटं झालं. मला मत होतं, आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या पोर्तुगीज बाईला नव्हतं. तिची दोन्ही मुलं इथे जन्मलेली. मतदानाच्या दिवशी दुपारी ती माझ्याशी काही बोलली नाही, डबा उघडून खिडकीकडे तोंड करून जेवली. आपल्याला मत नसताना आपलं ठरतं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. म्हणून तुला सांगते, यादीत नाव असेल तर मत दे. २०२० मध्ये इथल्या पार्लमेंटने कायदा केला, त्याप्रमाणे कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला स्कॉटिश पार्लमेंटच्या आणि कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे. उद्या सार्वमत त्याच यादीवर झालं तर तुलाही असेल आणि तुझ्या पोलंडच्या मैत्रिणीलाही.

आता तुझ्या मित्राचा प्रश्न. तू साताऱ्याचा आहेस म्हणून सांगते. इथे आमच्या कौन्सिलचं मुख्य ऑफिस ज्या दगडी इमारतीत आहे तिचं नाव मॅरिशल कॉलेज. सगळं करड्या ग्रॅनाइटचं, पाऊस पडून गेला की चकाकतं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याच कॉलेजात शिकला. त्याचं गाव बँफ, इथून मोटारीने तास-सव्वा तास. हाच माणूस पुढे कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हणून साताऱ्याला छत्रपतींच्या दरबारी बसला. पेशवाई गेल्यावर दख्खनचा कारभार हाती घेणारा एल्फिन्स्टन स्कॉट. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे विल्सन स्कॉट. राज्य करायला आलेल्यांत हे लोक होते, आणि लहान संख्येने नव्हते.

म्हणून तुझ्या मित्राला सांग, आमची आणि तुमची गोष्ट एक नाही. आम्हाला कुणी विचारून आत घेतलं नव्हतं. १७०७ ची इंग्लंडबरोबरची युनियन स्कॉटलंडच्या स्वतःच्या पार्लमेंटने मंजूर केली. ती सामान्य माणसाला विचारून झाली नाही हे खरंच आहे. एडिंबरा-ग्लासगोच्या रस्त्यावर लोक तिच्याविरुद्ध उतरले होते, आणि पनामाकडे वसाहत करायच्या डेरिएनच्या उद्योगात सरदार-सावकारांचा पैसा बुडालेला होता, तोही त्या मतांच्या मागे होता. पण त्यांनी आपलं चर्च, आपले कायदे, आपली शिक्षणव्यवस्था राखून करार केला. करार म्हटला की सोडताना हिशेब आला. पेन्शन आणि नोटांचं विचारतात ते म्हणून विचारतात, त्यात अपमान नाही. तीनशे वर्षांचा एकत्र संसार आहे, भांडी कुणाची हे विचारावंच लागतं.

आता २०१४. ते वर्ष मी जन्मात विसरणार नाही. बसस्टॉपवर, केस कापायच्या दुकानात, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी, जिथे जावं तिथे हाच विषय. एरवी हवेवर बोलून थांबणारे लोक तेलाचं उत्पन्न, पेन्शन, अणुपाणबुड्या यावर बोलायचे. वेगळं झाल्यावर देश कसा चालेल यावर स्कॉटलंडच्या सरकारने आदल्या नोव्हेंबरात एक जाडजूड श्वेतपत्रिका काढली होती, साडेसहाशेच्या वर पानांची. ती माझ्या शेजारणीने सरकारकडून फुकट मागवली आणि चहाच्या टेबलावर ठेवून रोज थोडी थोडी वाचली. वय ७४. नवरा पीटरहेडच्या बोटीवर आयुष्यभर मासेमारीला गेलेला. ती ठाम "होय"वाली. खिडकीत स्कॉटलंडचा झेंडा, निळ्यावर पांढऱ्या फुलीचा.

माझं घोडं अडलं ते पैशावर. आमचं घरकर्ज पौंडात, नवऱ्याचा पगार तेलाच्या धंद्यातला. फेब्रुवारीत ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न एडिंबऱ्याला येऊन सांगून गेले की वेगळे झालात तर पौंड वाटून घेता येणार नाही. अ‍ॅलेक्स सॅमंड, स्कॉटलंडचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर आणि "होय"चे पुढारी, म्हणत, हे नुसतं घाबरवणं आहे, पौंड आमचाही आहे. ऑगस्टमध्ये टीव्हीवर अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी, "नाही"च्या पुढाऱ्यांनी, सॅमंड यांना पुन्हा पुन्हा एकच विचारलं: लंडनने पौंडाला नाहीच म्हटलं तर तुमचा दुसरा मार्ग काय? मी सोफ्याच्या कडेला बसून उत्तराची वाट बघत होते, आणि सरळ उत्तर आलं नाही. त्या रात्री माझं मत ठरलं. झेंड्यावर माझा राग नव्हता. माझं पंचवीस वर्षांचं कर्ज कुठल्या चलनात फेडायचं, एवढं मला कुणी सांगत नव्हतं.

१८ सप्टेंबरला चर्चच्या हॉलमध्ये मतदान होतं. सकाळी सातलाच रांग. शेजारीण आणि मी बरोबरच गेलो, ती होय आणि मी नाही, हे दोघींना माहीत. तिने पर्समधून स्वतःचं पेन काढलं. पेन्सिलीने मारलेली फुली कुणी खोडेल अशी अफवा उठली होती. मला म्हणाली, "हवंय तुला?" मी तिच्याच पेनाने "नाही"वर फुली मारली. कागदावर प्रश्न इंग्रजीत सहा शब्दांचा: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकोन. हात थरथरत होता माझा. दुसऱ्याच्या देशाबद्दल आपण हे काय करतोय, असं क्षणभर वाटलंच.

निकाल तुला माहीत असेल. मतदान ८४.६ टक्के, "नाही" ५५.३, "होय" ४४.७. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात तो झेंडा वाळत घालत होती. धुतला होता. रडलेली दिसत होती, पण मला बघून म्हणाली, "ये, चहा घे." मी गेले. आम्ही मतदानाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

क्लाइडकाठचा

ताई, छान लिहिलंत, पण दुसरी बाजूही येऊ दे. मी डंबार्टनला राहतो, १९९९ पासून. ३२ पैकी फक्त चार कौन्सिलांत "होय" जिंकलं, त्यात आमचं वेस्ट डंबार्टनशर आहे, ग्लासगो आहे, डंडी आहे, नॉर्थ लॅनार्कशर आहे. जरा बघा ही गावं कुठली. जिथली जहाजांची कामं, पोलादाचे कारखाने, तागाच्या गिरण्या बंद पडल्या ती. ज्याच्याकडे घरकर्ज आहे तो पौंडाचा विचार करतो. ज्याच्याकडे घरच नाही त्याला काय सांगणार?

मी "होय"ला दिलं आणि उद्याही देईन. माझं कारण सरळ आहे. १९५५ नंतर स्कॉटलंडने एकदाही कॉन्झर्व्हेटिव्हांना बहुमत दिलेलं नाही. तरी निम्म्याहून अधिक काळ लंडनला त्यांचंच सरकार. थॅचरबाईंचा पोल टॅक्स, म्हणजे माणशी कर, आधी आमच्यावर लावला, १९८९ ला, इंग्लंडमध्ये वर्षभराने. ते मी पाहिलं नाही, पण माझे सासरे ती नोटीस अजून जपून आहेत. आणि फासलेनचा पाणबुडीतळ आमच्या घरापासून डोंगराच्या पलीकडे आहे. ब्रिटनची सगळी अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या तिथून सुटतात. इथल्या पार्लमेंटला त्याबद्दल ठराव करता येतो, निर्णय घेता येत नाही.

देश लहान आहे, पैसे पुरतील का, हे बोलणं मला अपुरं वाटतं. डेन्मार्क केवढा आहे? लोकसंख्या जवळजवळ आमच्याएवढीच. तुम्ही हिशेब विचारलात, जरूर विचारा. पण मग राहण्याचाही हिशेब विचारा. तो कुणी विचारत नाही.

अ‍ॅबर्डीनची मालवणी

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी मान्य करते, आणि माझी खरी गोष्ट तिथूनच पुढे आहे.

आधी तेल. स्वातंत्र्याचा दिवस ठरवला होता २४ मार्च २०१६. श्वेतपत्रिकेचे आकडे पिंपाला १०० डॉलरच्या वरच्या भावावर बांधलेले. २०१४ च्या जूनमध्ये तो भाव होताही. मग जो घसरला तो २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली. २०१५ च्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. आमच्या गल्लीतल्या चार घरांतल्या गेल्या. घरासमोर विक्रीच्या पाट्या लागल्या आणि महिनोन्‌महिने तशाच भिजत राहिल्या. त्या दिवसांत मनात यायचं, बरं झालं वेगळे झालो नाही, नव्या देशाच्या पहिल्याच अंदाजपत्रकाला एवढं भोक पडलं असतं. पण दादा, हेही खरं की युनियनमध्ये राहूनसुद्धा नोकरी गेलीच. आम्हाला कुणी सावरायला आलं नाही. आम्ही दीड वर्ष माझ्या एकटीच्या पगारावर काढलं.

आणि मग २०१६ चा जून. २०१४ ला "नाही"वाल्यांचा एक मोठा मुद्दा होता की युरोपियन युनियनमध्ये राहायचं असेल तर ब्रिटनमध्ये राहा. युरोपियन कमिशनचे अध्यक्ष बारोसो बीबीसीवर म्हणाले होते की वेगळ्या स्कॉटलंडला प्रवेश मिळणं अतिशय कठीण आहे. मी ते ऐकून मत दिलं होतं. दोन वर्षं होत नाहीत तोच ब्रिटनच बाहेर निघालं. स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी राहायचं म्हटलं, एकूण एक ३२ कौन्सिलांनी, आणि तरी बाहेर. मी जे टिकावं म्हणून "नाही" म्हटलं होतं, तेच गेलं. मला कुणी फसवलं असं म्हणत नाही, पण मी एक चूक केली होती. बाहेर पडणं म्हणजे बदल आणि राहणं म्हणजे आहे तसं, अशी माझी समजूत होती. ज्या घरात राहतोय ते घरही हलतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या सकाळी शेजारणीच्या खिडकीत झेंडा परत लागला होता. इस्त्री केलेला.

एवढं सगळं होऊन आज मत दिलं तर काय देईन? अजूनही "नाही". कारणही ब्रेक्झिटच आहे. बाहेर पडणं म्हणजे काय ते आता आम्ही अंगावर घेऊन पाहिलं. २०१६ ला मतदान, प्रत्यक्ष बाहेर ३१ जानेवारी २०२०, आणि बाजाराचे नियम सुटले त्याच्या ११ महिन्यांनी. ती ४७ वर्षांची युनियन सोडवायला एवढं लागलं, ही ३०० वर्षांची आहे. स्कॉटलंडमधून बाहेर विकला जाणारा माल आणि सेवा मिळून ६० टक्क्यांच्या आसपास उरलेल्या ब्रिटनमध्येच जातात. आणि आता ब्रिटन युरोपच्या बाहेर असल्यामुळे, स्कॉटलंड वेगळं होऊन युरोपात गेलं तर इंग्लंडची सीमा हीच युरोपची सीमा होणार. २०१४ ला ही अडचण नव्हती. ब्रेक्झिटने वेगळं व्हायचं कारणही मोठं केलं आणि वेगळं व्हायची किंमतही.

गोदामातला माणूस

वरच्या मुद्द्यात थोडी भर घालतो, कारण माझं कामच ते आहे. मी ग्लासगोच्या दक्षिणेला एका शीतगोदामात मालाची कागदपत्रं बघतो.

प्रश्नकर्त्याच्या मैत्रिणीला सांगा, कार्लाइलच्या आजीला भेटायला पासपोर्ट लागला नसता. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात माणसांना ये-जा खुली आहे, आणि २०१३ च्या त्या श्वेतपत्रिकेतही तसंच चालू ठेवायचं म्हटलं होतं. खरी अडचण मालाची. जानेवारी २०२१ चा पहिला पंधरवडा मी बघितलाय. फ्रान्स-स्पेनला जाणारी जिवंत कोळंबी, ही इकडची लांब नांग्यांची, डब्यांत उभी भरलेली. आदल्या महिन्यापर्यंत रात्री ट्रक निघायचा आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या बुलोन बंदराला पोचायचा. नवीन नियमाने प्रत्येक मालाला आरोग्य दाखला आला, त्यावर सहीचा माणूस आला, कस्टमचा कागद आला. एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल असेल आणि एकाच्या कागदावर चूक असेल तर सगळा ट्रक उभा. मी डब्याचं झाकण काढून बघायचो, नांग्या हलतायत का. काही हलत नव्हत्या. मासेवाले फोनवर ओरडायचे आणि त्यांचं बरोबर होतं. त्या महिन्यात मच्छीमारांनी ट्रक घेऊन लंडनच्या पार्लमेंटसमोर निदर्शनं केली.

त्या वेळी अडला तो युरोपला जाणारा माल. उद्या हेच कागद इंग्लंडच्या सीमेवर, ग्रेट्ना आणि बेरिकला, लागले तर दूध, मटण, बिस्किटं, व्हिस्की, सगळंच त्यात येईल. मी कुणाच्या बाजूने नाही. फक्त जो कुणी "सीमा ही कागदावरची रेघ आहे" म्हणतो, त्याला एक दिवस माझ्या गोदामात आणून उभं करावंसं वाटतं.

फोंडेकर

मी गोव्यात असतो, स्कॉटलंडला कधी आलेलो नाही. पण वाचताना राहवलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ ला असंच मतदान झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. आमच्या घरात आजोबांनी फुलाला दिलं आणि आजीने दोन पानांना, आणि आजीने हे आजोबा गेल्यावरच सांगितलं. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं.

मला दोन गोष्टी सारख्या वाटतात. पहिली अशी. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे पुढारी. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांचं सरकार आधी पायउतार झालं. ते मतदान हरले आणि काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. तुमच्याकडेही स्वातंत्र्य मागणारी एसएनपी, सॅमंड यांची पार्टी, सप्टेंबर २०१४ ला हरली आणि मे २०१५ ला लंडनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेऊन गेली. लोक एका प्रश्नावर नाही म्हणतात आणि त्याच माणसांना निवडून देतात. दुसऱ्यांना हे विसंगत वाटतं, आम्हाला वाटत नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. आमच्या मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. पण कितीतरी लोकांच्या मनात तिसरंच होतं, गोव्याचं स्वतःचं राज्य. ते १९८७ ला मिळालं, वीस वर्षांनी. स्कॉटलंडच्या कागदावरही दोनच चौकोन होते असं ताईंनी लिहिलंय. तिथेही मधलं काही हवं असणारे लोक असतीलच ना?

अ‍ॅबर्डीनची मालवणी

होते, पुष्कळ होते. संरक्षण आणि परराष्ट्र सोडून बाकी सगळं इथे द्या, असं म्हणणारे. सॅमंड यांना तो तिसरा पर्याय ठेवायला चालला असता, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी एकच प्रश्न हवा असा आग्रह धरला. आणि मग मतदानाला दोन दिवस उरले असताना तिन्ही मोठ्या ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर वचन छापलं की "नाही" म्हणा, आम्ही जास्त अधिकार देतो. जे कागदावर ठेवायला नकार दिला तेच पेपरात छापून दिलं. पुढे २०१६ च्या कायद्याने मिळकत कराचे दर ठरवायचा अधिकार वगैरे आला, ते खोटं म्हणणार नाही. पण लोकांच्या मनात ते दोन दिवस बसून राहिले. फोंडेकर, तुमच्या आजीची गोष्ट वाचून खूप बरं वाटलं.

आता मला जे सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते. मी "नाही"वाली आहे, तरी २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा मला वाईट वाटलं. लंडनच्या परवानगीशिवाय इथल्या पार्लमेंटला सार्वमत घेता येत नाही, असा तो निकाल. पाचही न्यायाधीशांचा एकमताने. कायद्याच्या अंगाने तो बरोबर असेल, मी वकील नाही. पण मग आम्ही स्वेच्छेने राहतोय असं म्हणायचं कशाच्या जोरावर? २०१४ ला मी "नाही"वर फुली मारली तेव्हा माझ्यासमोर दोन चौकोन होते, म्हणून त्या फुलीला किंमत होती.

समुद्रापलीकडे उत्तर आयर्लंडला बघा. १९९८ च्या शांतता करारात तिथे लिहून ठेवलंय: बहुसंख्य लोक युनायटेड आयर्लंडच्या बाजूने जातील असं वाटलं तर लंडनच्या मंत्र्याने सार्वमत घ्यायलाच हवं, आणि एकदा झालं की पुढची सात वर्षं नाही. रोजचं भांडण नको आणि दार कायमचं बंदही नको. हे तिथे जमतं तर इथे का नाही? दर निवडणुकीत हाच विषय, २०१४ ला म्हटलेलं "पिढीत एकदाच" म्हणजे किती वर्षं यावर वाद, आणि शाळा-दवाखान्यांचं बोलणं मागे. असा नियम लिहिला तर मी आनंदाने पुन्हा रांगेत उभी राहीन आणि बहुतेक पुन्हा "नाही" म्हणेन.

क्लाइडकाठचा

ताई, "नाही" म्हणणाऱ्या माणसाने हे लिहिलं याची किंमत मला कळते. चलनाचं आमच्या बाजूने नीट उत्तर दिलं नव्हतं, हे मीही कबूल करतो. झेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले तेव्हा त्यांनीही एकच चलन ठेवायचं ठरवलं होतं, १ जानेवारी १९९३ पासून. ८ फेब्रुवारीला मोडलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून स्वतःचं चलन धरूनच चालावं लागेल, आणि हे आमच्या पुढाऱ्यांनी लोकांना तोंडावर सांगायला हवं. सांगितलं तर काही मतं जातील. जाऊ देत.

नवा ग्लासगोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मी त्या तिघांना वाचून, समजावून सांगितलं. ग्रँट डफचं ऐकून मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आम्हाला शाळेत हे कुणी शिकवलं नाही. कार्लाइलवालीने गोदामातल्या दादांचं दोनदा वाचायला लावलं. मत दोघांनीही बदललेलं नाही.

मालवणीताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या शेजारीण आता कशा आहेत?

अ‍ॅबर्डीनची मालवणी

२०२१ च्या मार्चमध्ये गेल्या. कोविडमुळे अंत्यविधीला मोजकीच माणसं चालायची. मुलगा लंडनहून आला होता. श्वेतपत्रिका त्याने मला दिली, समासात तिने पेनाने केलेल्या खुणा आहेत. चलनाच्या पानावर एक मोठं प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे तिलाही ते अडलं होतं, आणि ते माझ्याकडे कधी बोलली नाही. झेंडा त्याने बरोबर नेला.

तू मतदारयादीत नाव घातलंस का? फॉर्म ऑनलाइन आहे, दहा मिनिटं लागतात. पोलंडच्या मुलीलाही सांग.